नऊ दिवस अडकलेलं पेमेंट आणि मॉरिशसचा एक कायदा

एक्सपोर्ट पेमेंटच्या व्हिडिओत मी मॉरिशसच्या ऑर्डरचा किस्सा दोन मिनिटांत गुंडाळला होता. व्हिडिओत वेळ कमी असतो, आणि कायद्याचं नाव काढलं की अर्धे लोक पुढे ढकलतात हे मला माहीत आहे. पण हा विषय नीट समजून घेतल्याशिवाय परदेशात माल पाठवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं चिपळूणला कोकणी मालाचं दुकान आहे. खेड तालुक्यातला माझा एक मित्र घरच्या युनिटमध्ये कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी आणि मोदकांची तांदळाची पिठी बनवतो. कोकणी मुस्लिम कुटुंब. पिठी त्याच्या आईच्या हातची, आणि अख्ख्या पंचक्रोशीत गणपतीला तीच लागते. दोन वर्षांपूर्वी माझ्या बॅचमध्ये तो आला, आयईसी काढला, लेबलं सुधारली आणि आम्ही दोघांनी मिळून मॉरिशसचा एक गिऱ्हाईक पकडला. तिथे मराठी लोक पिढ्यान् पिढ्या आहेत, बरेचसे रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. म्हणजे सीझन पक्का, आणि तारीख हलणारी नाही.

ऑर्डर दोन लाख पंच्याऐंशी हजारांची. एक लाख चाळीस हजार ॲडव्हान्स, उरलेले माल पोचल्यावर. मित्रानं ॲडव्हान्सच्या भरवशावर तांदूळ उधारीवर उचलला, पाऊच छापायला टाकले. गिऱ्हाईकानं पैसे पाठवल्याची पावतीही व्हॉट्सॲपवर आली. पैसे मात्र आले नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस, चौथा दिवस. इथल्या बँकेत विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे काही आलंच नाही. तिथल्या बँकेनं गिऱ्हाईकाला सांगितलं, "तपासणी चालू आहे." कसली तपासणी, किती दिवस, काही नाही. गिऱ्हाईक शाळेत शिकलेल्या मराठीत मला मेसेज करायचा, "दादा, बँक सांगते थांबा."

पाचव्या दिवशी कळलं. माझ्या मित्राचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीतल्या एका नावाशी जुळत होतं.

कोणतं नाव, हे तुम्ही ओळखलं असेल. दाऊद इब्राहिम कासकर हे नाव सुरक्षा परिषदेच्या यादीत नोव्हेंबर २००३ पासून आहे. ती नोंद कुणालाही ऑनलाइन वाचता येते, तुम्हीही वाचा. त्यात जन्मतारीख आहे २६ डिसेंबर १९५५, आणि जन्मठिकाण म्हणून रत्नागिरी, महाराष्ट्र, भारत. त्याखाली टोपणनावांची लांबलचक यादी. दाऊद या एका नावाची स्पेलिंगच दोन-तीन तऱ्हांची, शिवाय 'अब्दुल हमीद अब्दुल अझीझ' अशी पूर्ण वेगळी नावं, जी आमच्या कोकणात एका मोहल्ल्यात चार जणांची सापडतील. आता माझ्या मित्राचं पहिलं नाव तेच, वडिलांच्या नावाचा एक भाग तोच, आणि इनव्हॉइसवर पत्ता: जिल्हा रत्नागिरी. कॉम्प्युटरनं लाल दिवा लावला यात कॉम्प्युटरची चूक काय?

तरी मला राग आला होता. एवढासा देश, साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या, क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि एक लाख चाळीस हजार रुपयांसाठी एवढा बाऊ? मग मी बसून त्यांचा कायदा वाचला. बीबीएला बिझनेस लॉचा पेपर कसाबसा काढलेला माणूस आहे मी, त्यामुळे वकिलासारखं लिहिणार नाही. दुकानदाराला जेवढं लागतं तेवढं सांगतो.

न्यूयॉर्कचा ठराव पोर्ट लुईच्या काउंटरवर कसा पोचतो

सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपासून होते. तिथे १५ सदस्य आहेत. एखाद्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे पैसे जगभर गोठवायचे असं त्यांनी ठरवलं, की सनदेप्रमाणे सगळ्या सदस्य देशांवर ते बंधनकारक होतं. १९९९ चा १२६७ क्रमांकाचा ठराव तालिबानवर होता, पुढे त्यात अल कायदा आणि आयसिस आले. २००६ चा १७१८ हा उत्तर कोरियाच्या अण्वस्त्रांवरचा. आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आलेला २००१ चा १३७३ जरा वेगळा आहे. त्यात परिषदेनं नावांची यादी दिली नाही. दहशतवाद्यांचे पैसे तुमच्या तुमच्या देशात तुम्ही गोठवा, त्यासाठी तुमची यादी तुम्ही करा, असं सांगितलं.

पण ठराव देशावर बंधनकारक असतो. पोर्ट लुईच्या एखाद्या बँकेच्या कॅशियरवर किंवा कापड दुकानदारावर तो आपोआप लागू होत नाही. मॉरिशस ब्रिटिशांकडून १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, त्यांची पद्धत आपल्यासारखीच: आंतरराष्ट्रीय बंधन वेगळं आणि देशातला कायदा वेगळा. संसदेनं कायदा केल्याशिवाय कुणाचं खातं गोठवता येत नाही, कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. आपल्याकडे यासाठी १९४७ चाच एक छोटा कायदा आहे, युनायटेड नेशन्स सिक्युरिटी कौन्सिल ॲक्ट. शिवाय यूएपीए कायद्यात २००८ मध्ये ५१ए हे कलम आलं, आणि सामूहिक संहाराच्या शस्त्रांवरच्या कायद्यात २०२२ मध्ये १२ए.

मॉरिशसकडे २००२ चा दहशतवादविरोधी कायदा होता. पण २०१९ मध्ये त्यांनी या कामासाठी वेगळा, पूर्ण कायदा केला. नाव मोठं आहे: युनायटेड नेशन्स फायनान्शियल प्रोहिबिशन्स, आर्म्स एम्बार्गो अँड ट्रॅव्हल बॅन सँक्शन्स ॲक्ट, २०१९. मी त्याला सरळ 'निर्बंध कायदा' म्हणतो.

या कायद्यात दोन प्रकारचे लोक आहेत, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पहिला प्रकार, ज्यांचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आहे. यांच्यासाठी मॉरिशसमध्ये कुणाची सही लागत नाही, कोर्टाचा हुकूम लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये नाव यादीत चढलं की इथे बंदी लागू. दुसरा प्रकार, १३७३ च्या ठरावाप्रमाणे देशानं स्वतः घोषित केलेले. तिथे नॅशनल सँक्शन्स कमिटी आहे, गृह विभागाचे सचिव घोषणा करतात, कोर्टाचा भाग येतो, ती प्रक्रिया लांबची आहे.

पहिल्या प्रकारात एवढी घाई का, असं मलाही वाटलं. विचार करा, न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारी चार वाजता कुणाचं नाव यादीत घातलं तर पोर्ट लुईमध्ये मध्यरात्र झालेली असते. सकाळी फाइल मंत्र्याकडे, मग राजपत्र, मग बँकांना पत्र, असं करत बसलं तर तोपर्यंत पैसा तीन देश फिरून आलेला असेल. नेटबँकिंगला रात्र नसते. त्यामुळे या क्षेत्रातला शब्द आहे 'विनाविलंब', आणि त्याचा अर्थ लावला जातो तो तासांत, दिवसांत नाही. काम बघायला पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीत नॅशनल सँक्शन्स सेक्रेटरिएट नावाचं कार्यालय आहे. यादी बदलली की हे कार्यालय जाहीर सूचना काढतं, बँकांना आणि इतर संस्थांना कळवतं. पण कायदा सूचनेसाठी थांबत नाही. ईमेल उघडला नव्हता, हे कारण चालत नाही.

बंदी नेमकी कशावर

दोन कलमं पुरेशी आहेत, २३ आणि २४.

२३ वं कलम म्हणतं, यादीतल्या माणसाच्या पैशाला किंवा मालमत्तेला कुणी हात लावायचा नाही. पैसा पूर्ण त्याचा असो, भागीदारीत असो, थेट असो की दुसऱ्याच्या नावावर फिरवलेला असो. आणि तुमच्या ताब्यात तसं काही असेल तर लगेच त्या सेक्रेटरिएटला कळवायचं.

२४ वं कलम उलट्या बाजूनं येतं: यादीतल्या माणसाला कुणी पैसा, मालमत्ता किंवा आर्थिक सेवा पोचवायची नाही. माझ्या मित्राचं पेमेंट अडकलं ते या कलमाच्या भीतीनं. त्याचं मॉरिशसमध्ये खातं नव्हतं, काही नव्हतं. तो फक्त पैसे घेणारा होता. पण पैसे जर चुकून खऱ्या यादीतल्या माणसाकडे गेले असते तर पाठवणारी बँक अडकली असती.

आणि कशी अडकली असती? शिक्षा वाचून मी दोनदा चष्मा पुसला. ५० लाख मॉरिशियन रुपयांपर्यंत दंड किंवा त्या मालमत्तेच्या दुप्पट रक्कम, यात जे जास्त असेल ते. आणि वर कैद, किमान ३ वर्षं. मित्रांनो, 'किमान' हा शब्द परत वाचा. तिथला रुपया आपल्या रुपयापेक्षा भारी आहे हेही लक्षात घ्या. आता काउंटरच्या मागे बसलेल्या कंप्लायन्स ऑफिसरच्या जागी स्वतःला ठेवा. समोर एक लाख चाळीस हजारांचं आंबापोळीचं पेमेंट, ज्यावर बँकेला मिळणार जेमतेम काही शे रुपये, आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग. तुम्ही काय कराल? मी तर महिनाभर दाबून ठेवलं असतं.

आणखी एक. ही कलमं 'कोणतीही व्यक्ती' असं म्हणतात. फक्त बँक नाही. सोनार आला, वकील आला, घर विकून देणारा एजंट आला, कापडवाला आला. बँकांवर देखरेख बँक ऑफ मॉरिशसची. सोनार, हिरेवाले, इस्टेट एजंट, वकील यांच्यावर तिथल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटची. तुम्ही सराफ असाल आणि हे दूरचं वाटत असेल तर सांगतो, आपल्याकडेही डिसेंबर २०२० पासून सोनं-चांदी-हिऱ्यांचे व्यापारी मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आलेले आहेत, गिऱ्हाईकाशी १० लाख किंवा जास्त रोखीचा व्यवहार केला तर. जळगावच्या एका सराफ विद्यार्थ्याला हे माझ्याच बॅचमध्ये पहिल्यांदा कळलं, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एवढा कडक कायदा का केला

हे समजायला एफएटीएफ माहीत पाहिजे. पॅरिसमध्ये बसणारी, १९८९ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशांचे काळ्या पैशाविरुद्धचे नियम तपासते. तिच्या शिफारशींपैकी सहावी आणि सातवी या निर्बंधांवर आहेत. जो देश कमी पडतो तो करड्या यादीत जातो. तिथे गेल्यावर दंड बिंड काही नसतो. पण जगभरच्या बँका त्या देशाच्या प्रत्येक व्यवहाराकडे संशयानं बघायला लागतात, जादा कागद मागतात, आणि काही तर नकोच म्हणतात.

मॉरिशसचं पोट बऱ्याच अंशी याच विश्वासावर आहे. साखर, कापड, पर्यटन आहेच, पण परदेशी कंपन्या आणि फंड तिथे नोंदवून आफ्रिकेत आणि भारतात गुंतवणूक करणं हा मोठा धंदा आहे. शेअर बाजारात 'मॉरिशस रूट' हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. २०१८ च्या मूल्यांकन अहवालात त्यांच्या त्रुटी दाखवल्या गेल्या. २०१९ मध्ये कायदा झाला. तरीसुद्धा फेब्रुवारी २०२० मध्ये एफएटीएफनं त्यांना करड्या यादीत टाकलं.

मला हा भाग फार शिकण्यासारखा वाटतो. कायदा होता, कलमं होती, शिक्षा होती, तरी नापास. कारण त्यांना दिलेल्या पाच कामांपैकी एक होतं: आर्थिक निर्बंध प्रत्यक्षात पाळले जातात हे दाखवा, लोकांना समजावून आणि देखरेख करून. म्हणजे कायदा पुस्तकात आहे हे पुरेसं नव्हतं. सोनाराला यादी तपासता येते का, वकिलाला सेक्रेटरिएटला कळवायचं माहीत आहे का, हे दाखवायचं होतं. आपल्याकडे फूड लायसन्स भिंतीवर लावलेलं असतं आणि स्वयंपाकघरात झुरळं असतात, तसं चालणार नव्हतं.

मग युरोपियन युनियननं १ ऑक्टोबर २०२० पासून त्यांना जास्त जोखमीच्या देशांच्या यादीत घातलं. इकडे आपल्या रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की असल्या यादीतल्या देशांमधून येणाऱ्या नव्या गुंतवणूकदारांना आपल्या बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांवर मोठं वजन मिळेल एवढा हिस्सा घेता येणार नाही. मॉरिशसचं नाव घेतलं नव्हतं, पण फटका कुणाला बसणार होता हे उघड होतं. त्यांनी २०२० मध्ये निर्बंध कायद्यासकट अनेक कायद्यांत दुरुस्त्या केल्या, प्रशिक्षणं घेतली, तपासण्या वाढवल्या, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये करड्या यादीतून बाहेर पडले. युरोपच्या यादीतून २०२२ च्या सुरुवातीला.

ही दोन वर्षं त्यांच्या बँकांच्या अंगात भिनली आहेत. मोठा देश करड्या यादीत गेला तर त्याच्याकडे बाजारपेठ असते, लोक नाइलाजानं तरी व्यवहार करतात. छोट्या बेटाला पर्याय भरपूर असतात, म्हणजे गिऱ्हाईकाला. तुमच्या गल्लीतल्या एका दुकानात पालीचं प्रकरण झालं तर तुम्ही समोरच्या दुकानात जाता, तसं. म्हणून त्यांची बँक माझ्या मित्राच्या नावाला घाबरते, आणि मला आता त्यांचा राग येत नाही. थोडा येतो. त्यावर पुढे बोलतो.

यादीत नाव चढलं तर माणसानं खायचं काय

कायदा वाचताना मला हा प्रश्न पडला. खातं गोठलं, कुणी पैसे द्यायचे नाहीत, मग घरातल्या मुलांनी काय करायचं? याची सोय संयुक्त राष्ट्रांच्या २००२ च्या १४५२ क्रमांकाच्या ठरावात आहे आणि मॉरिशसच्या कायद्यातही आहे. अन्न, भाडं, औषधपाणी, कर, विमा, वकिलाची वाजवी फी यासाठी गोठलेल्या पैशातून रक्कम सोडता येते. पण देशानं आधी न्यूयॉर्कच्या समितीला कळवायचं, आणि तिनं तीन कामकाजाच्या दिवसांत नकार दिला नाही तरच सोडायची.

नाव यादीतून काढायचं असेल तर मॉरिशसच्या हातात काही नाही. १२६७ च्या यादीसाठी २००९ पासून न्यूयॉर्कला एक लोकपाल आहे, तिथे अर्ज करावा लागतो. बाकी याद्यांसाठी वेगळी खिडकी आहे. छोट्या देशाची गोची इथे कळते: खातं गोठवायची जबाबदारी त्याची, न गोठवलं तर बदनामी त्याची, आणि नाव बरोबर की चूक हे ठरवणार दुसरेच.

होल्ड आणि फ्रीझ यात फरक आहे

आता तुमच्या कामाचं. माझ्या मित्राचे पैसे कायद्यानं कधीच गोठवले गेले नव्हते. ते बँकेनं तपासणीसाठी थांबवले होते. गोठवणं म्हणजे खरा माणूस सापडला, सेक्रेटरिएटला कळवलं, आता बँकही ते सोडू शकत नाही. थांबवणं म्हणजे नाव जुळतंय, पण माणूस तोच का हे बघतोय. तिसरा प्रकार परत पाठवणं. पेमेंट अडकलं की सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला लावा, तिकडच्या गिऱ्हाईकाला, कारण बँकेचा खातेदार तो आहे, तुम्ही नाही. आम्ही पाच दिवस आपल्या बँकेच्या खिडकीवर भांडत होतो. तिथे पैसे आलेच नव्हते!

जुळणी कशी सोडवतात, हे यादीची नोंद बघितली की कळतं. प्रत्येक नोंदीत नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, ओळखपत्र क्रमांक, पत्ता असे रकाने आहेत. टोपणनावांचे चक्क दोन दर्जे आहेत, 'चांगल्या दर्जाची' आणि 'कमी दर्जाची'. कमी दर्जाचं टोपणनाव म्हणजे एवढं अर्धवट की त्यावरून एकट्यानं माणूस ठरवता येत नाही. बँकेला हवं असतं ते असं काहीतरी, ज्यावरून खात्रीनं म्हणता येईल की हा तो नाही. एक जन्मतारीख पुरते. यादीतला माणूस १९५५ चा, माझा मित्र १९८९ चा. चौतीस वर्षांचा फरक.

मग नऊ दिवस का लागले? हे माझ्या पदरात घेतो. मित्राच्या आयईसीवर नावाचं स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरं, इनव्हॉइसवर मी स्वतः टाइप केलेलं तिसरं. आम्ही आधी घाईघाईत आधार पाठवलं, ते तिकडे कुणाला कळेना. मग पासपोर्ट पाठवला तर स्पेलिंग वेगळं, म्हणजे संशय वाढला. तीन स्पेलिंगं, त्यातली दोन यादीतल्या टोपणनावांशी जुळणारी. शेवटी पॅन, पासपोर्ट आणि आयईसी तिन्ही एकत्र, वर आपल्या बँकेचं एका पानाचं पत्र की या तिन्ही नावांचा माणूस एकच आहे आणि जन्मतारीख अमुक, असं पाठवलं. दुसऱ्या दिवशी पैसे सुटले.

त्यानंतर आम्ही केलेली गोष्ट साधी होती. इनव्हॉइसवर पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या नावासकट, एकाच स्पेलिंगमध्ये. आयईसीवरचं नाव पॅनशी जुळवून घेतलं. गिऱ्हाईकाला पेमेंटच्या आधीच एक फाइल दिली, त्याच्या बँकेत जमा करायला: पासपोर्टची प्रत, आयईसी, ऑर्डर, मालाचं वर्णन. 'फूड आयटम्स' असं मोघम लिहायचं नाही. 'तांदळाची पिठी, ५०० ग्रॅमची इतकी पाकिटं' असं लिहायचं. आणि मुख्य म्हणजे शक्य असेल तर फर्मच्या नावानं चालू खातं. मित्राचं प्रोप्रायटरी फर्म आहे, पण पैसे वैयक्तिक नावाच्या खात्यात मागवले होते, कारण 'चालू खात्याला मिनिमम बॅलन्स जास्त लागतो'. फर्मचं नाव घातलं म्हणून मालकाचं नाव लपत नाही, लपवूही नये. पण पहिली जुळणी ज्या नावावर होते ते बदलतं.

गिऱ्हाईक डॉलरमध्ये पैसे पाठवत असेल तर आणखी एक चाळणी आहे. मॉरिशसचा कायदा संयुक्त राष्ट्रांची यादी आणि स्वतःची यादी एवढंच मानतो. अमेरिकेच्या ओफॅकची यादी तिथला कायदा नाही. पण डॉलर न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरतात, त्यामुळे ती यादीही तपासली जाते, आणि ती कितीतरी मोठी आहे.

आपल्याकडे उलटं झालं, म्हणजे इथल्या बँकेनं नावावरून तुमचं खातं चुकून गोठवलं, तर यूएपीएच्या प्रक्रियेत त्यावर उपाय दिलेला आहे. पुराव्यासकट अर्ज बँकेतच द्यायचा, आणि बँकेनं तो दोन कामकाजाच्या दिवसांत केंद्राच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट.

माझा उरलेला राग सांगतो. चुकीच्या जुळणीचा खर्च या सगळ्या व्यवस्थेत कुणाच्याच वहीत नाही. बँकेला दंड वाचला, देशाची पत राहिली, न्यूयॉर्कच्या समितीला तर माझा मित्र माहीतही नाही. त्यानं मात्र तांदूळवाल्याला नऊ दिवसांचं तोंड दिलं, पाऊचवाल्याला वरचे पैसे देऊन काम पुढे ढकललं, आणि माल समुद्रानं जायचा तो विमानानं पाठवावा लागला. त्या ऑर्डरमध्ये नफा शून्य. शिवाय एक गोष्ट हिशेबात येत नाही. नाव ऐकून बँकेतला माणूस ज्या नजरेनं बघतो, ती त्याला नवीन नव्हती. त्यानं मला फक्त एवढंच सांगितलं, "आजोबांनी ठेवलेलं नाव आहे रे. तेव्हा कुणाला काय माहीत होतं." मी काही बोललो नाही.

नाव बदलून घे, असा सल्ला त्याला दोघांनी दिला. त्यानं ऐकलं नाही, आणि मीही तो सल्ला देणार नाही.

पुढच्या वर्षीची ऑर्डर आली तेव्हा गिऱ्हाईकानं फाइल आधीच बँकेत देऊन ठेवली होती. ॲडव्हान्स दुसऱ्या दिवशी जमा झाला. त्याआधी तिकडच्या बँकेनं एक ओळीचा ईमेल पाठवलाच होता: कृपया लाभार्थ्याची जन्मतारीख कळवा. मित्रानं मोबाईलवरूनच उत्तर दिलं आणि परत पिठी चाळायला गेला.